बिशपला वाकता येत नाही

जुन्या जालन्यातून बस निघाली तेव्हा खिडकीची जागा बिशपच्या टोपीला मिळाली होती. उरलेल्या जागेत शांतवनदादा आणि मी. पुठ्ठ्याची, जरीकाठाची ती टोपी दादा शिंप्याकडून घेऊन चालले होते, आणि मला नाटक बघायला. धावडा गावापुढच्या त्यांच्या वस्तीवर चर्चच्या सणाला नाटक होतं: मठाच्या शेतात राबणाऱ्या बेनेडिक्टीन पंथाच्या एका मध्ययुगीन साधूला लोक धरून बिशप करतात.

"साधू मीच करतो. मध्यंतरापर्यंत," दादा म्हणाले. ते शाळेतले निवृत्त शिपाई. "बिशप झाला की आबा, आमचे पुढारी. झगे, मंडप, समदा खर्चा त्यांचा."

"तुम्हाला नाही वाटत बिशप व्हावं?"

"शेवटचा परवेश तेवढा. बिशप गरिबाचे पाय धुतो. येकदा करायचाय."

वस्तीवर भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याची झणझणीत आमटी) जेवलो. फ्लेक्सवर आबा मोठे होते, संत कोपऱ्यात. आबांचा गुडघा नुकताच बदलला होता. दादांनी धीर केला. "आबा, वाकायचा परवेश मी करू का?"

"बिशप मधीच बदलतो का रे? गरिबाला टेबलावर उभं करा. मी कशाला वाकू?"

गरीब व्हायला दादाच उरले.

ऊन कलल्यावर नाटक सुरू झालं. बिशपपद नको म्हणून साधू प्रेक्षकांत पळाला, बायांनी "धरा गं त्याला!" म्हणत परत ढकलला. मध्यंतरानंतर झग्यात आबा आले. प्रमुख पाहुण्यांनी मध्ययुगातच त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

शेवटी दादा टेबलावर चढले. बिशपच्या टोपीचं टोक त्यांच्या गुडघ्याला लागलं. सगळे मोबाइल वर वळले.

"शांतवन, लई उंच झालास रे!" एक म्हातारी ओरडली.

आबा पुटपुटले, पण माइक गळ्यातच होता. "उतर आता, जल्दी."

"उजवा राह्यलाय, आबा. बराबर धुवा."

मंडप हसून लोळला. आबांनी उजवाही धुतला.

सकाळी दादा मला बसपर्यंत सोडायला आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आबाच म्हनले, पुढल्या साली गरीब ते करणार. टेबलावर. मंग पाय धुवायला मीच की!"

त्या मठांत नम्रता शिकायला उभा जन्म लागायचा, असं वाचलं होतं. आबांना गरीब व्हायला एक टेबल पुरलं.