विष्णूभाऊंचं ध्रुवपद

आपलं सर्वांत गाजलेलं गाणं सुरू झालं की विष्णूभाऊ मंडपातून उठून बाहेर जायचे. संगमेश्वरकडच्या आमच्या जाखडी नाचाच्या मंडळाचे ते शाहीर आणि मी ढोलकीवाला. बाकीची गाणी ते स्वतः गायचे, हे मात्र दुसऱ्याला गायला लावायचे. मला वाटे, माणूस लाजाळू आहे. कोणी कौतुक केलं की म्हणत, "कौतुक पुरे. चाय सांगा."

ते गाणं त्यांनी तरुणपणी एका कॅसेटवाल्याला विकून टाकलं होतं. पुढे ते गावोगाव वाजलं, भाऊंना काही मिळालं नाही. मग कायदा बदलला. गाणं विकलं तरी रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही, असं ठरलं. मुंबईच्या एका कंपनीने ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं आणि भाऊंच्या खात्यात पैसे येऊ लागले. घरावर नवं छप्पर चढलं. भाऊ मात्र अबोल होत गेले.

एका सकाळी मला म्हणाले, "मिरकरवाड्याला येतोस? एकट्याने पाय उचलत नाय."

तिथल्या मासळी बंदरावर जैनबचाची मासळी विकत बसल्या होत्या. पूर्वी त्या आमच्या आठवडी बाजारात यायच्या. भाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"चाची, माझ्या गाण्याचं ध्रुवपद तुमचं. बाजारात तुम्ही गुणगुणायचात, ते मी उचललं. कडवी तेवढी माझी. आता त्याचे पैसे येतात. अर्धे तुमचे."

चाचींचा हात सुरमईवर थांबला. "ठाव हाय मला. लग्नात ऐकते ना. पण ते माझं नाय, माझ्या आईचं. जाळं विणताना गायची ती. पैसे नको. तिचं नाव घाल. मरियम."

भाऊंनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "पुरावा नसेल तर गाणं लोकगीत धरतील, काका. मग तुमचाही वाटा बंद होईल."

भाऊंचा मुलगा चिडला. "गप्प राहा ना, बाबा. कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना," भाऊ म्हणाले.

देवरूखला त्यांचा सत्कार होता. शाल अंगावर पडायच्या आधीच ते माईकपाशी गेले नि सगळं सांगून टाकलं. टाळी वाजवावी की नाही, हे कोणाला कळेना. कंपनीलाही त्यांनी तसंच कळवलं. पैसे थांबले.

काही महिन्यांनी मी मोबाईलवर ते गाणं लावलं. गीतकाराच्या जागी लिहिलं होतं : पारंपरिक.

"मरियम कुठे हाय?" भाऊंनी विचारलं. मी पडद्यावर वर-खाली बोट फिरवून पाहिलं.

"म्हणजे माझं पुसलं, नि तिचंही लागलं नाय." त्यांनी मान खाली घातली. "आता चाचीला तोंड कसं दाखवू?"

त्यानंतर ते मिरकरवाड्याला गेले नाहीत. मासळी आणायला मला पाठवत. चाची विचारायच्या, "नाव लागलं काय रे?" आणि भाऊंनी सांगून ठेवल्याप्रमाणे मी म्हणायचो, "लागेल."

शिमग्याच्या तोंडावर भाऊ गेले. चाची अजून विचारतात. मीही अजून तेच सांगतो, त्यांच्याकडे न बघता.