भावजींनी पुसलेले तीनशे सतरा कण

सोमवारपासून भावजी भात कालवून ताटातच ठेवून उठत होते. त्या दिवशीच्या वहीत रामनामाच्या ओळींखाली मी एवढंच लिहिलं आहे : "गिरिधरभावजी तिसऱ्यांदा गॅलरीत. विचारलं तर काही नाही म्हणतात." मंगळवारी तेच. बुधवारी त्यांच्या आवडत्या डांगर पचडीलाही त्यांनी हात लावला नाही, तेव्हा मला कळलं की हे पोटाचं दुखणं नव्हे.

गिरिधर माझे धाकटे दीर. वय एकोणसाठ, लग्न केलं नाही. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या घरात पुढची खोली त्यांची. डिप्लोमा करून एकविसाव्या वर्षी ते एग्मोरच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. इमारत बांधण्याआधी जमीन किती भार सोसेल, खड्डा खणला तर बाजूची माती उभी राहील का, हे सांगणारी ती कंपनी. तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढत. शाईचा थेंब पडला की अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायचा आणि वरून नख फिरवायचं. भावजींच्या कागदावर डाग कुठे होता ते भिंगातूनही सापडत नसे. "गिरिधरच्या शीटवर इडली वाढून खावी," असं ऑफिसात म्हणत.

पुढे बोर्ड विकले गेले, कॉम्प्युटर आले. बरोबरीचे लोक सोडून गेले, भावजी शिकत राहिले. आता तिथली इंजिनियर मुलं माती कॉम्प्युटरमध्येच भरतात. एकेक कण म्हणजे एकेक गोळी. लाखो गोळ्या एकमेकींना ढकलतात, घसरतात, गोल फिरतात, आणि शेवटी सॉफ्टवेअर हाती देतं ते नुसते आकडे. कुठली गोळी कुठून कुठे गेली, कुणाला किती जोराने टेकली. असे लाखो आकडे कोण वाचणार? भावजी त्यांचं चित्र करतात. जास्त भार तिथे जाड रेघ, कमी भार तिथे बारीक.

"थोड्याच कणांवर सगळा भार असतो, वैनी," एकदा त्यांनी मला दाखवलं होतं. "बाकीचे नुसते बाजूला उभे."

"आपल्या घरासारखंच की," मी म्हटलं. त्यावर ते तासभर हसत होते आणि आमचे हे पेपरमागे गप्प होते.

कंपनीत अठ्ठावन्नला निवृत्ती. पण मालक रत्नाकर सर भावजींना एकेका वर्षाचं पत्र देऊन ठेवून घेतात. यंदाचं पत्र मार्चमध्ये व्हायचं होतं. हे फेब्रुवारीतलं सांगते आहे.

त्या वेळचं काम आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. बाजारामागच्या गल्लीत एका नव्या इमारतीला तीन मजले खाली पार्किंग हवं होतं. खड्ड्याच्या कडेने काँक्रीटचे गोल खांब जमिनीत उतरवले होते, ओळीने, कुंपणासारखे, दोन खांबांत वीतभर फट सोडून. त्यांच्या मागे लगेच एक जुनं कौलारू घर. तिथे एक म्हातारी आणि तिचे दोन भाडेकरू राहत. खणायचं पाच टप्प्यांत. चार झाले होते. पाचवा, सगळ्यांत खोल, शुक्रवारी सकाळी सुरू होणार होता. कंपनीचा रिपोर्ट आदल्या शुक्रवारीच गेला होता. त्यात भावजींची पाच चित्रं, टप्प्याला एक, पाचही शांत, खांबांमागची माती जिथल्या तिथे.

सोमवारी नंदिताने त्यांच्याकडे आणखी एक चित्र मागितलं. नंदिता त्यांच्या ऑफिसातली इंजिनियर, साताऱ्याकडची, वय तीसच्या आत. आमच्या तंजावरी मराठीला ती हसते आणि भावजी तिच्या मराठीला. तिला मातीतली पोकळी बघायची होती. त्याची रीत अशी की चित्रातल्या मातीत जागोजागी वर्तुळं ठेवायची आणि प्रत्येक वर्तुळात रिकामी जागा किती ते सॉफ्टवेअरला विचारायचं. बाकी सगळी वर्तुळं गप्प होती. खांबांच्या मागचं, अठरा फूट खालचं एकच वर्तुळ मात्र टप्प्याटप्प्याला रिकामं होत चाललं होतं. आणि भावजींच्या चित्रात तिथे काहीच हललेलं नव्हतं.

हे मला बुधवारी संध्याकाळी कळलं. मारुतीपुढे दिवा लावून मी सरळ त्यांच्या समोर जाऊन बसले. ते लॅपटॉप उघडून बसले होते, पाय सारखा हलत होता.

"काय जाहलंय ते सांगा. नाहीतर उद्यापासून स्वयंपाक बंद."

"दोन चित्रं आहेत, वैनी. दोन्ही मीच काढलों. पण एकमेकांना ओळख देत नाहीत."

"मग एक खोटं असेल."

"तेच तर." ते उठले, गॅलरीपर्यंत गेले, परत आले. "कोणतं, ते पाहायला धीर होईना."

मग माझ्यासमोरच त्यांनी कॉम्प्युटरला कण मोजायला लावले. पहिल्या टप्प्यात खांबांमागे दोन लाख चौदा हजार आणि वर काही. चौथ्या टप्प्यात तीनशे सतरा कमी. भावजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच.

"कुठे गेले?" मी विचारलं.

चित्र काढण्यासाठी कॉम्प्युटरला स्वतः लिहून दिलेल्या सूचना त्यांनी उघडल्या. त्यात नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ होती : जो कण हातभराहून जास्त लांब गेला असेल, तो दाखवू नये. का, तर सुरुवातीला गोळ्या भरताना काही एकमेकींत अडकतात आणि फटाक्यासारख्या उडतात. त्या खऱ्या नसतात. चित्रभर ठिपके पडतात म्हणून भावजींनी ती ओळ घातली, आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राला तीच.

ती ओळ त्यांनी खोडली. चित्र पुन्हा हळूहळू भरत आलं. दोन खांबांमधल्या फटीतून गोळ्यांची एक धार खड्ड्यात उतरत होती. तांदळाच्या पोत्याचा टाका उसवावा तशी.

"केर म्हणून झाडून टाकलों, वैनी," भावजी म्हणाले. "पोत्याकडं पाहिलोंच नाही."

आमचे हे आतून आले, वाकून पाहिलं. "एवढेसेच? दोन लाखांत तीनशे?" मग बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गिरि, मार्चचं पत्र व्हायचंय. तू मधे पडू नकोस. त्या नंदिताला सांग, ती इंजिनियर आहे, ती वर सांगेल."

"ब्लेड माझ्या हातात होतं, दादा."

"अरे, रिपोर्टवर सही सरांची आहे!"

"म्हणूनच."

भिंतीमागे नळाचं पाणी पडत होतं. शुक्रवारला मधे एकच दिवस होता. मला मातीतलं काय कळतं? पण माणूस तीन दिवस का जेवला नाही ते कळलं होतं. मी म्हटलं, "उद्या डबा लवकर देते. सहा पन्नासची गाडी धरा."

पुढचं मला नंदिताने सांगितलं, नंतर, आमच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पिताना.

रत्नाकर सर साडेनऊला आले तेव्हा भावजी त्यांच्या केबिनबाहेर उभे होते, डब्याची पिशवी हातात तशीच. नंदिताबरोबर आत गेल्यावर त्यांनी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवली. सरांनी दुसऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गिरिधर, हे उडणारे कण. तूच मला शिकवलंस की ते मोजायचे नसतात."

"ते पहिल्या टप्प्यात उडतात, सर. आणि चारी बाजूंना. हे चौथ्यात चाललेत, आणि सगळे एकाच वाटेने."

"तीनशे कण! टक्क्याचा पाचवा भागसुद्धा नाही. अशाने मी बिल्डरला काम थांबव म्हणू?"

इथे नंदिता म्हणाली की काकांनी चित्रातल्या फटीवर बोट ठेवलं. "सर, कॉम्प्युटरला झेपावं म्हणून आपण कण लिंबाएवढे घेतलेत. त्या फटीतून लिंबं जाताहेत. खरी वाळू काय थांबणार?"

सर एकदम चिडले. "रिपोर्ट गेलाय माझ्या सहीने! आता काय सांगू लोकांना?"

"ड्राफ्ट्समन चुकला म्हणून सांगा."

"मी तपासलं होतं, सर," नंदिता म्हणाली. "आकडे न उघडता नुसतं चित्र पाहिलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की..."

सरांनी फोन लावला. बिल्डर उचलेना. साइटचा इंजिनियर उचलून म्हणाला, मशीन उद्या सहाला येतंय, भाडं ठरलंय, लेखी पाठवा. सर लेखी टाइप करायला बसले, आणि भावजी छत्री घेऊन निघाले. नंदिता त्यांच्या मागे धावत सुटली.

ते खड्ड्याकडे गेलेच नाहीत. सरळ मागच्या घरात गेले. म्हातारी अंगणात वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालत होती. भावजींनी विचारलं, अम्मा, जरा अंगण पाहू का? तिने विचारलं, कॉर्पोरेशनचे का? ते नाही म्हणाले. मग कशाला, ती म्हणाली. तोवर ते छत्रीच्या टोकाने सिमेंटची जमीन ठोकत फिरू लागले होते. टक, टक, टक. खड्ड्याकडच्या भिंतीपाशी आवाज बदलला. नंदिता म्हणाली, "काकू, रिकाम्या मडक्यासारखा आवाज!" म्हातारी मात्र ओरडत होती की माझे वडाम, माझे वडाम.

नंदिताने साइटच्या इंजिनियरला ओढूनच आणलं. तो आधी हसला, मग स्वतः ठोकून पाहिलं, मग पहार मागवली. वीतभर सिमेंट फुटल्यावर त्याने आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत गेला. खाली माती लागली नाही.

शुक्रवारी मशीन आलं आणि परत गेलं. मग तीन आठवडे खांबांमधल्या फटींत आणि अंगणाखालच्या पोकळीत भोकं पाडून पातळ सिमेंट भरत होते. नवा रिपोर्ट गेला. त्यात ते ठिपके पडलेलं चित्र जसंच्या तसं आहे, आणि भावजींना ते पाहवत नाही. जुन्या रिपोर्टांच्या फायली मात्र ते एकेक करून पुन्हा उघडतात, ती ओळ खोडतात, चित्र नव्याने काढतात. नऊ वर्षांच्या त्रेचाळीस फायली आहेत. आजपर्यंत एकोणीस झाल्या. प्रत्येकीत सांगण्यासारखं काही निघत नाही. पण चित्र भरेपर्यंत ते खुर्चीवर टेकत नाहीत. मी आता विचारत नाही, ताट झाकून ठेवते.

मार्चचं पत्र अजून आलेलं नाही. सर रोजच्यासारखं बोलतात, एवढंच.

संध्याकाळी स्टेशनवरून येताना भावजी त्या गल्लीतून वळसा घालून येतात. काल उशीर झाला, म्हणून मी दारातच विचारलं.

"म्हातारीने धरलं," ते चपला काढत म्हणाले. "ड्रिलिंगनं दुपारची झोप गेली, अंगणात चिखल, वडाम धुळीत. महिना झाला म्हणते. दोन शिव्या तर मला कळल्यासुद्धा नाहीत, वैनी, जुन्या तमिळातल्या."

"मग सांगायचं की, कशासाठी चाललं होतं ते."

"सांगितलों. ती म्हणाली, घर माझ्या सासऱ्याने बांधलंय, त्याला काय होतंय? कंपनीला तक्रार करणार म्हणाली. हे सगळं कुणी काढलं, त्याचं नाव दे म्हणाली."

"मग?"

"दिलों. माझंच. तिला लिहिता येत नाही, म्हणून कागदावर मीच लिहून दिलों." ते हात धुवायला गेले आणि महिन्याभरात पहिल्यांदाच स्वतःहून ताट ओढून घेतलं.