पहिली ओळ मुलाची

हेमलताताई नाखवा यांची आणि माझी पहिली भेट शिंकांच्या साथीने झाली. कल्याणच्या बाजारात मिरचीच्या एका गोदामावर त्यांचं मदत केंद्र आहे. लहान मुलांच्या मोठ्या आजारपणात आईवडिलांना सरकारी योजना, दाखले, कोर्टकचेरी यांतून वाट काढून देणारं हे केंद्र ताईंनी निवृत्तीनंतर सुरू केलं. जागा एका व्यापाऱ्याने फुकट दिली, खालच्या मिरचीसकट. बारा वर्षांपूर्वी मी तिथला लाकडी जिना चढून वर पोचलो तो शिंकतच. माझ्या सात शिंका पुऱ्या होईपर्यंत ताई शांतपणे थांबल्या, मग पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "आठवड्यात सवय होईल, वकीलसाहेब. तोवर टिकलात म्हणजे झालं."

मी तेव्हा डोंबिवलीचा नवाकोरा वकील होतो. दर शनिवारी इथे येऊन आपण समाजावर केवढे तरी उपकार करणार आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत ताईंनी कशी उतरवली, तेही आवाज न चढवता, हे त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सगळ्यांना सांगावं असं वाटलं.

ताई ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. वडिलांची होडी होती, आई बाजारात मासळी घेऊन बसायच्या. त्या घरातून शिकून ताई ठाण्याच्या एका इस्पितळात समाजसेविका झाल्या आणि सगळी नोकरी त्यांनी मुलांच्या वॉर्डात काढली. एरवी त्या अगदी शुद्ध, नेमकं बोलतात, पण खाडीकडची एखादी आई पोराला कडेवर घेऊन दारात आली की "काय गो बाय, जेवलीस का?" असं सहज तोंडून जातं आणि त्या आईचा अर्धा घोर तिथेच उतरतो. मुलाच्या आजाराचं नाव ऐकलं की आईबापांचे कान बंद होतात, असं त्या म्हणतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात, आणि तिसऱ्या दिवशी आईकडून वदवून घेतात. वाचता न येणाऱ्या आयांच्या फायलींवर त्या चित्रं काढतात. घर म्हणजे रहिवासाचा दाखला, थेंब म्हणजे रक्ताचे रिपोर्ट. त्यांची चित्रकला बेताची आहे. थेंब पुष्कळदा वांग्यासारखा दिसतो, पण आजवर एकही आई चुकीच्या खिडकीवर गेली नाही.

त्यांना प्रसिद्धीचं वावडं आहे. एकदा एका स्थानिक वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार आजारी मुलांचे फोटो काढायला आला. ताईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या ताप आलेल्या भाच्याचा फोटो छापाल का हो?" तो ओशाळला. मग त्यांनी त्याला झेरॉक्स काढायला बाजारात पिटाळलं. तो अजूनही कधीमधी झेरॉक्स काढून देतो, आणि कॅमेरा घरी ठेवून येतो.

केंद्रात दोनच नियम आहेत. पहिला, कुटुंबाच्या घरी जाऊन पाणी प्यायल्याशिवाय कुठलाही कागद लिहायचा नाही. दुसरा त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "काय हवंय ते शेवटी लिहायचं. पहिली ओळ मुलाची. नाव, वय, काय होतंय." मला हे फार बाळबोध वाटलं होतं. विषय नाही, संदर्भ नाही, कलम नाही, असा अर्ज कोण वाचणार? मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो.

दोन महिन्यांनी संगीता आली. नवऱ्याशी पटत नव्हतं म्हणून वर्षभर ती कल्याणला माहेरी राहत होती. सोबत पाच वर्षांची भूमी. शाळेतल्या तपासणीत भूमीच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळलं होतं. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फुप्फुसांवरचा ताण वाढत चालला आहे; तो आणखी वाढला तर पुढे ऑपरेशन करताच येणार नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सरकारी योजनेतून ते व्हायचं तर मूळ रेशनकार्ड हवं होतं, आणि ते नवऱ्याकडे होतं. त्याचं नाव दिलीप, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्याने कार्ड द्यायला साफ नकार दिला होता.

ताई त्या आठवड्यात तापाने अंथरुणावर होत्या. त्यांनी निरोप धाडला, "मी उठेपर्यंत थांबा. आपण दोघं जाऊन त्याला भेटू." मी थांबलो नाही. हातात कायद्याची पदवी असताना भेटायला कशाला जायचं? मी दोन पानी नोटीस लिहिली. दिलीपच्या घरचा नवा पत्ता संगीताला ठाऊक नव्हता, म्हणून ती वर्कशॉपच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवली. नोटीस झकास उतरली होती. मी ती स्वतःशीच मोठ्याने दोनदा वाचलीसुद्धा.

वर्कशॉपमध्ये ती मालकाने फोडली आणि सगळ्यांसमोर वाचली. दिलीप त्या दिवशी डबा तिथेच टाकून निघून गेला. फोन बंद. कोणी म्हणालं, गावाला गेला, गुहागरकडे. त्याच्यासोबत कार्डही गेलं. ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते, आणि तहसीलमधून पर्यायी दाखला मिळवायला त्याहून जास्त दिवस लागणार होते.

शनिवारी संगीता केंद्रात आली. भूमी जिन्याच्या मधल्या पायरीवर श्वास घ्यायला बसली होती. "सर, तुम्ही बोललेलात दोन दिवसांत कार्ड येईल," संगीता म्हणाली. "आता?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती भूमीला पाणी द्यायला जिन्याकडे वळली.

ताई अशक्तच होत्या, पण आल्या होत्या. त्यांनी नोटिशीची प्रत मागून घेतली, दोन्ही पानं वाचली, आणि विचारलं, "यात भूमी कुठे आहे?"

मी दुसऱ्या पानावरच्या चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'उक्त अज्ञान अपत्याच्या वैद्यकीय प्रयोजनार्थ.'

"ही भूमी?" ताई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोलणी बसणार, आणि ती बसायलाच हवीत, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ताईंनी कागदाची घडी घातली. "अरे, असा उभा काय राहतोस? उद्या सकाळी ठाण्याला, खोपटच्या एसटी स्टँडवर ये. गुहागरची पहिली एसटी धरायची आहे." तोवर त्या मला अहो-जाहो करत होत्या. इतकी मोठी चूक केल्यावर त्यांनी मला आपलं म्हटलं, हे मी आजतागायत विसरलेलो नाही.

तापातून उठलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या ताई सात-आठ तास एसटीत बसल्या. वाटेत नोटिशीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. उलट डब्यातली सुरमई माझ्या पोळीवर वाढली आणि मला काटे काढता येत नाहीत यावर यथेच्छ हसल्या.

दुपारी आम्ही दिलीपच्या दारात उभे राहिलो. आम्हाला पाहून तो ताडकन उठला. "कार्ड मिळणार नाय," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "आधी पाणी दे बाबा. लांबून आलोय." त्याच्या आईने पाणी आणि गूळ आणून ठेवला. ताई पडवीत टेकल्या, सावकाश पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि मग बोलल्या.

"भूमी. पाच वर्षांची. हृदयाला छिद्र आहे, जिना चढवत नाही. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे."

दिलीप ताईंसमोर येऊन बसला. "ऑपरेशन? आमच्या भूमीचं?"

"तुला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? संगीताचा एकदाच फोन आलेला. कार्ड दे बोलली, मी भांडलो, तिने कट केला. मग ती नोटीस. मला वाटलेलं, दोघींची नावं काढून घ्यायला कार्ड मागते. म्हणून मी ते घेऊन इकडे आलो."

तो आत गेला आणि देवाच्या फोटोमागून कार्ड घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलं होतं. त्याच्या नावाखाली लेकीचं नाव असलेला तेवढाच एक कागद त्याच्याकडे उरला होता, आणि मी तोच दोन पानं भरून मागितला होता. मी त्याची माफी मागितली. तो माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, "साहेब, एवढं लिहिलंत. पोरगी आजारी आहे एवढंच लिहिलं असतंत, तर मी धावत आलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं परतलो. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मंजुरी आली. सोमवारी इस्पितळाच्या बाकावर एका टोकाला संगीता, दुसऱ्या टोकाला दिलीप आणि मधे ताई बसल्या होत्या. चार तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "व्यवस्थित झालं सगळं." संगीता ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दिलीप हसत होता आणि त्याचेही डोळे वाहत होते. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडून घेतलं. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं.

पुढे संगीता आणि दिलीप एकत्र आले, असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. दोघं समजुतीने वेगळे झाले. त्यांचा समझोता मी लिहिला, आणि त्याची पहिली ओळ होती, 'भूमी, वय सहा, तब्येत चांगली, रविवारी बाबांकडे जायला आवडतं.' कोर्टात न्यायाधीशांनी ती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वकील, असं लिहीत जा." मी त्यांना कोणाकडून शिकलो ते सांगितलं नाही. आज इथे सांगतो आहे.

हा गौरवग्रंथ निघणार हे कळल्यावर गेल्या महिन्यात भूमी ताईंना भेटायला केंद्रात आली. सतरा वर्षांची झाली आहे. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एका दमात, आणि ती दारात उभी राहिली. धाप अजिबात लागली नव्हती. ती फक्त शिंकली. एकदा, दोनदा, सात वेळा. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते, आणि तो दोष मिरचीचा नव्हता.

सत्काराची कल्पना ताईंना मुळीच पसंत नाही. हारतुरे आणलेत तर ते खालच्या गोदामात नेऊन ठेवीन, असा दम त्यांनी आम्हाला दिला आहे. म्हणून हार न आणता मी त्यांच्याच नियमाने एक अर्ज करतो. कोणाकडे करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

हेमलताताई नाखवा. वय पंचाहत्तर. उजवा गुडघा दुखतो, तरी रोज जिना चढतात.

काय हवंय ते शेवटी लिहितो. तो गुडघा बरा व्हावा, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, आणि दारात आलेल्या प्रत्येक मुलाला हातात तांब्या घेतलेल्या ताई समोर दिसाव्यात.