आपल्या लोकांची फुप्फुसं

लोटे एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत दरवर्षी फुप्फुसं तपासायला येणारा टेक्निशियन बोलतो फार गोड. "फुंका भाऊ, फुंका, अजून थोडं... शाब्बास!" घामाघूम झाला तरी स्वतःचा मास्क मात्र काढत नाही.

यंदा रिअ‍ॅक्टरवर काम करता करता केस पिकलेले आमचे काका मशीनच्या नळीत फुंकताना खोकून खोकून वाकले. मशीनवर लाल आकडा आला. टेक्निशियननं शांतपणे 'युरोपियन' हे सेटिंग बदलून 'भारतीय' केलं. तोच आकडा हिरवा झाला.

"आपल्या लोकांची फुप्फुसं मुळातच लहान असतात, काका. नॉर्मल आहे."

माझं डोकंच फिरलं. "आणि गॅस? तो काय आपल्याला बघून कमी येतो?"

तो गोड हसला, मास्क नाकावर घट्ट दाबला आणि म्हणाला, "चला, पुढचे."