रघुजीरावांची तपासणी

रघुजीराव मोहिते हे माझे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मधुवंतीचे यजमान. देवासच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली. बाहेरून आलेला माल उघडायचा, तपासायचा, मगच आत घ्यायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. दुधवाल्याचं दूध ते चमच्यात घेऊन उजेडाला धरतात. लग्नाच्या पत्रिका पाकिटातून काढून पुन्हा पाकिटात घालून बघतात, की पाकीट आपलंच आहे ना. माझ्या बहिणीने हे सगळं कसं निभावलं ते तिलाच ठाऊक. मी असतो तर कधीच माहेरी निघून आलो असतो.

त्यांची मुलगी राजनंदिनी. मोहित्यांचे पूर्वज धारच्या दरबारात शिलेखान्यावर होते, म्हणून घरात शस्त्रांचं कौतुक फार. त्यातून ही पोर रायफलीकडे वळली. तीनशे मीटरवरच्या निशाण्याला ती बसायची, तेव्हा तिच्या दहा गोळ्या एका वाटीखाली झाकल्या जायच्या. तिला शिकवलं रणवीरने. रणवीर म्हणजे रघुजीरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. ते भाऊ वारले, आता धारचं घर तोच बघतो. तिरल्याच्या रस्त्यावर त्याचं खतांचं आणि पाइपांचं दुकान आहे. दर रविवारी धारहून यायचा, बहिणीला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचा आणि वारा कसा वाचायचा ते समजवायचा. सख्ख्या भावानेही केलं नसतं इतकं.

रायफल मात्र रघुजीरावांच्या लोखंडी कपाटात. किल्ली त्यांच्या करगोट्याला. स्नानालाही ती उतरत नसे.

परवान्याच्या कोट्यातली नवी काडतुसं आली की रघुजीरावांची तपासणी लागायची. त्यांचा सिद्धांत असा की विकणारा दहा चांगल्यात एक खोटं मिसळतो, आणि ते पकडायचं तर एकामागून एक, न थांबता उडवून बघायची. मधे थांबलं की लबाडी लपते. कशी लपते, ते मला त्यांनी दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. राजनंदिनी बिचारी धडाधड गोळ्या झाडायची, बॅरलवरून वाफ उठल्यासारखी हवा थरथरायची, आणि हे मागे उभे राहून मोजायचे.

रणवीर म्हणायचा, "काका, बॅरल ठंडी होऊ द्या ना जरा. दोन मिनिट रुकलं तर काय बिघडतं?"

रघुजीराव मोजणी चालूच ठेवायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "दत्ताजीराव, पाहिलंत? पोरीच्या सरावाचा वेळ खातो हा. स्वतःही नेम धरतो ना. बहीण पुढे गेली तर कसं चालेल?"

मी हसण्यावारी न्यायचो.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही सगळे धारला गेलो. मोहित्यांची रीत अशी की त्या दिवशी भाऊबंदांची सगळी शस्त्रं थोरल्या घरी एकत्र पुजायची. चौरंगावर तलवारी, एक दांडपट्टा, दोन कट्यारी, आणि त्यांच्या शेजारी झेंडूची माळ घातलेली राजनंदिनीची रायफल. दुपारी पानं मांडली होती. रघुजीराव चौरंगावर एक नजर टाकून यायला म्हणून देवघराकडे गेले, आणि तिथे रणवीर खाली बसलेला. रायफलीचा मागचा सरकता बोल्ट काढून बाजूला ठेवलेला, हातात टॉर्च, आणि तोंडाकडून एक बारीक सळई त्याने बॅरलमध्ये घातलेली. सळईवर तो नखाने खूण करत होता.

रघुजीराव आल्या पावली मागे फिरले. शंका लगेच तोंडावर बोलून दाखवायची त्यांची पद्धत नाही. ते ती मुरवतात.

आठ-दहा दिवसांनी निवड चाचणी होती. राजनंदिनी बसली, आणि वाटीखालच्या गोळ्या ताटाखालीही मावेनात. एक वर, एक डावीकडे, पुढची मधोमध, त्यापुढची कुठच्या कुठे. ती रडली नाही, पण चेहरा असा झाला की मला तिच्याजवळ जाववेना. "मामा, माझं काही चुकून नाही राहिलं," ती म्हणाली. "श्वास बरोबर है, ट्रिगर बरोबर है. ही रायफलच माझी नाही वाटत."

हे शेवटचं वाक्य रघुजीरावांनी ऐकलं आणि मुरलेली बरणी उघडली.

आधी कपाटाचं जुनं कुलूप जाऊन नवं, मोठं कुलूप आलं. मग रायफलीच्या पेटीला सुतळी आणि सुतळीवर लाखेची मोहोर. मग रोजची तपासणी, काडतुसं दुप्पट, तीही न थांबता. मला त्यांनी देवघरातली हकीकत सांगितली आणि खरं सांगतो, मीही डळमळलो. शंका सर्दीसारखी असते, एकाच खोलीत बसलं की लागते. सळई कशाला? खूण कशाची? रणवीरच्या मनात असं काही असेल? त्याच्या दुकानावरून जाताना मी पहिल्यांदाच गाडी थांबवली नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊबंदांत एक साखरपुडा होता. पंगत बसली. रणवीर समोरच्या पानावर. वाढपी श्रीखंड घेऊन आला तसे रघुजीराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रणवीर, नवमीला माझ्या पोरीच्या शस्त्राला काय केलंस, ते आज पंचांसमोर सांग."

रणवीर लालबुंद झाला. तोंड उघडलं, राजनंदिनीकडे बघितलं, आणि मिटलं. मग भरल्या पानाला नमस्कार करून उठला आणि हात धुऊन गेला. भरल्या पानावरून थोरल्या घरचा मुलगा उठतो, हे आमच्यात काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. मला त्या दिवशी मेहुण्यांचा भयंकर राग आला, आणि थोडा रणवीरचाही. निर्दोष माणूस बोलतो, असं मला वाटत होतं.

"पाहिलंत?" रघुजीराव म्हणाले. "उत्तर आहे का?"

राजनंदिनी बापाशी बोलेनाशी झाली. दिवाळी तोंडावर आली, आणि भाऊबीजेला ओवाळायचं कुणाला, हे विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी तिनेच ठरवलं. इंदूरला बंदुकांचे एक जुने कारागीर आहेत, त्यांना रायफल दाखवायची. रघुजीराव अर्थातच सोबत. कारागिरावरही त्यांचा विश्वास नव्हता. मला नेलं साक्षीदार म्हणून.

कारागिराने पेटीवरची मोहोर बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ती फोडली. डॉक्टर पोटात घालतात तशी एक बारीक नळी त्याने बॅरलमध्ये मागून घातली. समोरच्या पडद्यावर आतलं चित्र आलं. काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, जिथून गोळी बॅरलच्या पेचांत, म्हणजे तिला फिरवणाऱ्या खाचांत, शिरते, त्या जागेला थ्रोट म्हणतात, म्हणजे घसाच. तो घसा जळून गेला होता. चुलीच्या तोंडाशी माती तडकते तशा भेगाच भेगा, आणि पेच सुरू व्हायला हवेत तिथे नुसती झिजलेली, काळी पोकळी.

"किसी ने छेड़ा है ना इसको?" रघुजीरावांनी विचारलं. "सळई घालून?"

"सलाई से ये नहीं होता, साब. ये आग का काम है." मग त्याने एक गोळी आत बसवली, तोंडाकडून बारीक सळई सरकवली आणि सळईवर नखाने खूण केली. "देखो, पेच कितने आगे चले गए. ऐसे ही नापते हैं. हर बॅरल मरती है, पर ये उमर से पहले मरी है. गरम-गरम में लगातार चलाई क्या? बिना रुके?"

राजनंदिनीने होकाराची मान हलवली.

"किसी ने टोका नहीं?"

"टोका था," ती म्हणाली. "दादा ने."

रघुजीराव त्या सळईकडे बघत होते. नखाच्या खुणेकडे. देवघरात रणवीरचा होता तसाच हात, तशीच बसण्याची ढब. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण काही चेहरे बघायचे नसतात. परतीच्या वाटेवर चहा आला तर तो त्यांनी उजेडाला न धरताच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते धारला गेले. रणवीर दुकानात पाइप मोजून देत होता. आम्हाला बघून त्याने खुर्च्या पुसल्या. "या काका. बसा, मामा."

माफी मागणं रघुजीरावांना येत नाही. ते बसलेही नाहीत. "तुला नवमीलाच कळलं होतं," ते म्हणाले. "मग बोलला का नाहीस? नवमीला नाही, पंगतीत नाही."

तरी आवाजात शंकाच होती! मला त्यांना तिथेच खुर्चीवर ढकलून बसवावंसं वाटलं.

रणवीरने पाइप खाली ठेवला. "काय बोलणार होतो, काका? की तुमच्या तपासणीनेच बॅरल जळली? पुजलेल्या शस्त्रांसमोर? सगळ्या पंगतीसमोर, राजनंदिनीसमोर? तुमच्यावर आलं असतं ना सगळं."

रघुजीराव खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "भाऊबीजेला ये."

"राजनंदिनी बोलावेल तर येईन."

मी तिथल्या तिथे फोन लावून दिला. राजनंदिनीने बोलावलं, आणि काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण रणवीर पाठ फिरवून डोळे पुसत होता.

भाऊबीजेला तो देवासला आला. पाटावर बसला, राजनंदिनीने निरांजन लावलं. ओवाळणी म्हणून त्याने तबकाशेजारी एक लांबट, चिकटपट्टीने गच्च बांधलेलं खोकं ठेवलं. आत नवी बॅरल होती. त्याने स्वतःसाठी मागवलेली, वर्षभर वाट बघितलेली. कागद तिच्या नावाने करून आणले होते. चाचणी गेली होती ती गेली, पण पुढची होती.

"काका, बघून घ्या," तो म्हणाला. चिडवत नव्हता, सवयीनेच म्हणाला.

रघुजीराव उठले. खणातून कात्री काढली. मधुवंतीने माझ्याकडे बघितलं. ते खोक्याजवळ येऊन उभे राहिले, कात्री उघडली, आणि तशीच मिटली. मग सदऱ्याखाली हात घालून करगोट्याची गाठ सोडू लागले. गाठ जुनी होती, वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

किल्ली त्यांनी रणवीरच्या हातात ठेवली.

"खोकं तूच कपाटात ठेव आणि किल्ली धारला घेऊन जा," ते म्हणाले. "इथे राहिली तर मी उघडून बघीन."