शून्य प्रवाशांचा थांबा

जपानमधल्या सेंदाईजवळच्या डोंगरातल्या बसचे ड्रायव्हरकाका प्रत्येक वळणावर बोट दाखवून स्वतःलाच मोठ्याने सांगायचे, "उजवीकडे ठीक!" मला जाम हसू यायचं! कुठले थांबे बंद करायचे ते ठरवणारं सॉफ्टवेअर आमची टीम बनवत होती, म्हणून मी आठवडाभर त्यांच्या बसमध्ये प्रवासी मोजत होतो. शेवटच्या गावात कुणीच चढायचं नाही, तरी काका रोज थांबायचे.

"इथे कशाला थांबता?" मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"त्या समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. हात हलवला नाही, तर उतरून बघतो."

समोरच्या खिडकीत एक हात हलला. काकांनी तिकडे बोट केलं, "आजी ठीक!" आणि बस निघाली.

या वेळी मी हसलो नाही. लॅपटॉपवर त्या थांब्यापुढे शून्य होतं. ते खरंच होतं, म्हणून तसंच ठेवलं. शेजारी शेरा मात्र लिहिला, 'हा थांबा बंद केला, तर आजींना रोज कोण बघणार?'