छगनआप्पांच्या कॉम्प्युटरमधली हराळी

कोरीट गावच्या छगनआप्पांना कुणी फसवू शकत नाही, असं निदान छगनआप्पांचं मत आहे. बियाण्याची पिशवी ते दुकानदारासमोरच फोडून बघतात. टरबूज कानाशी धरून असं वाजवतात की विकणाराच घाबरतो. अशा माणसाच्या घरातल्या कॉम्प्युटरवर एके सकाळी ओठ रंगवलेली बाई उगवली आणि विचारू लागली, "एकटे आहात का?"

नेमके तेव्हाच शेजारचे रूपचंद फुकटचा पेपर वाचायला आलेले. त्यांनी पेपर उलटा धरून सगळं नीट बघून घेतलं. संध्याकाळी आप्पा पारावर गेले, तर कुणीतरी अगदी काळजीने विचारलं, "आप्पा, ह्या उमरमा?" आप्पा बसलेच नाहीत.

मंगलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, बंद करा आणि वर चादर टाका. पण रविवारी लेकीसाठी, काजलसाठी, पाहुणे येणार होते. पाहुण्यांचा मुलगा भाग्येश सुरतला नोकरीला, रजा मिळेना. तो याच पडद्यावर यायचा होता आणि दोन्हीकडची वडीलधारी समोर बसायची होती. भाग्येशच्या शेजारी ती बाई उगवली, तर सोयरीक कसली होते!

आप्पांनी आपल्या परीने साफसफाई केली. अनोळखी दिसणारं एकेक चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डबाही रिकामा केला. दुसऱ्या दिवशी बाई आणखी दोन मैत्रिणींना घेऊन हजर. शेतात मजुराने हराळी वरवर कापली तर आप्पा त्याला दिवसभर सुनावतात, की मूळ तर खालीच राहिलं. इथे स्वतः नुसते शेंडे कापत बसले होते. मग चिडून त्यांनी आतलं एक मोठं फोल्डरच पुसायला घेतलं. नशीब, मशीननेच नकार दिला, नाहीतर बाईबरोबर कॉम्प्युटरही गेला असता.

काजलला कॉम्प्युटरमधलं कळायचं, पण तिला सांगायची आप्पांची हिंमत होत नव्हती. पोरीने या स्थळाला एकाच अटीवर होकार दिला होता: पत्रिका बघायची नाही. आप्पांनी मान डोलावली होती. आणि आठवडा उलटायच्या आत, ती मैत्रिणीकडे गेलेली बघून, कुंडली जुळवणारा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. शब्द मोडल्याचं कळलं तर पोरगी रविवारी समोरच येणार नाही, ही त्यांची धास्ती. पण शनिवारी दुपारी काजल आपणहूनच खुर्ची ओढून बसली.

तिने आधी नेट तोडलं. मग बसवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. नाव कळत नाही म्हणून काहीही उपटायचं नसतं, असं ती आईला समजावत होती. मशीनसोबत आलेलं तसंच ठेवायचं, नको ते कधी घुसलं तेवढं शोधायचं. एकाच तारखेला सात नावं रांगेने उभी होती. त्यांतली तीन कुंडलीची.

तिने ती तीन नावं बोटाने मोजली.

"एक समजनं, आप्पा," ती म्हणाली. "पन तीन काबर?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "पहिलानी आकरा गुन दिधात. दुसरानी चौदा."

"आनि तिसरानी?"

"बावीस." आप्पांचा आवाज खाली गेला. "त्याना फोन उना की तू हासस. मी दखस ना."

भाग्येशचा फोन आला की हसणारी पोरगी त्यांनी पाहिली होती, आणि लग्न जुळायला छत्तीसात अठरा गुण तरी हवेत. ते मिळेपर्यंत बाप आकाश बदलत बसला होता, आणि प्रत्येक फुकटच्या प्रोग्रामाबरोबर एकदोन जाहिरातवाले आगंतुक घरात घेत होता. मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

काजल कामाला लागली. यादीतूनच एकेकाला रीतसर काढलं. जाता जाता एकाने 'आमचा दुसरा प्रोग्राम ठेवा' अशी गळ घातली, तिथली आधीच केलेली होकाराची खूणही तिने पुसली. जाहिराती दाखवायची परवानगी ब्राउझरमधून काढून घेतली. शेवटी बावीसवाला राहिला.

"हाऊ ऱ्हाऊ दे का?" आप्पांनी हळूच विचारलं.

तिने माउस त्यांच्या हातात दिला. "तुम्हीनच काढा. आनि पाहुणा पत्रिका मांगतीन, तर नही म्हननं ते बी तुम्हीनच."

नक्की काढायचं का, असं मशीनने विचारलं. आप्पांना मुळीच नक्की नव्हतं. त्यांनी दाबलं. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सगळं तपासून घेतलं.

रविवारी पडद्यावर भाग्येश एकटाच उगवला. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मुलाच्या मामांनी घसा खाकरून पत्रिका मागितली.

"आम्हीन नही दखतस," आप्पा म्हणाले. एकदाच म्हणाले आणि थांबले.

मामांनी बशी खाली ठेवली. मुलाची आई मात्र जागची उठली, काजलच्या शेजारी येऊन बसली आणि मुलाला म्हणाली की बाबा रे, आता तूच बोल काहीतरी.